बंद पाकिटातली मतं

पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात, खरेदी खात्यात एक साहेब होते. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. बाकी सगळीकडे ते कोटेशनसाहेब. तोंडावरसुद्धा. त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. फोन उचलून ‘बोला, कोटेशन बोलतोय’ असं ते स्वतःच कधीकधी म्हणून जात.

त्यांच्या खात्याचा नियम सरळ होता. काहीही घ्यायचं झालं, मग ते पोलादी दांडे असोत की जिना झाडायचा खराटा, तीन जणांकडून बंद पाकिटात भाव मागवायचा. एकाचा भाव दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नये. मग तिन्ही पाकिटं एका टेबलावर एका वेळी फोडायची आणि सर्वांत कमी भाववाल्याला काम द्यायचं. कारखान्यातल्या खुर्च्या याच पद्धतीने आल्या होत्या. त्यांतली एखादी माणसासकट खाली आली की साहेब जागेवर येऊन मोडलेला पाय उलटसुलट करून बघत आणि शांतपणे म्हणत, ‘तीन कोटेशनं घेतली होती.’ पडलेला माणूस कपडे झटकत उठे.

हे कारखान्यात राहिलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण साहेब पत्तासुद्धा तिघांना विचारत. एकदा भर पावसात छत्री घ्यायला निघाले, तर तिसऱ्या दुकानापर्यंत दोघं नवराबायको चिंब झाली आणि मग पहिल्याच दुकानात परत जाऊन छत्री घेतली. बायकोने ती छत्री उघडली नाही. आता कशाला, म्हणाली.

बायको मोटार चालवायला शिकवायची. तिची स्वतःची छोटी शाळा होती: एक खोली, भिंतीवर खुणांचा तक्ता, आणि एक पांढरी गाडी, जिला शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक बसवलेला होता. गावातल्या कितीतरी बायका तिच्याकडे शिकून गेल्या होत्या. त्यांतल्या काहींनी तिचं फाटक तोडलं होतं, एकीने भाजीची गाडी आडवी केली होती, आणि या सगळ्यात तिचा आवाज कधी चढला नव्हता. ‘क्लच,’ एवढंच ती म्हणायची. घरच्या खरेदीचं स्टिअरिंग मात्र तिने नवऱ्याकडे दिलं होतं, कारण तीन दुकानं फिरायची हौस घरात एकालाच होती.

एका सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर आली आणि म्हणाली, ‘अहो, इथे काहीतरी हाताला लागतंय.’

साहेब पेपर वाचत होते. ‘काय लागतंय?’

‘गाठ आहे.’

साहेबांनी पेपराची घडी घातली. त्या दिवशी त्यांनी नोकरीत पहिल्यांदा अर्धी रजा टाकली.

मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जननी सगळं रीतसर केलं. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, सुईने गाठीचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्याने दोघांना समोर बसवून त्यांनी सांगितलं, कॅन्सर आहे. सुरुवातीचा आहे, बरा होण्यासारखा आहे. पण मॅमोग्राफीत गाठीपासून जरा लांब आणखी एक संशयाची जागा दिसतेय, तेव्हा माझं मत, पूर्ण स्तन काढावा. फार थांबू नये.

सर्जन पन्नाशीचे होते, जाड काचांचा चष्मा होता, आणि वाईट बातमी सांगताना ते चष्मा काढून ठेवत. म्हणजे समोरच्याचा चेहरा त्यांना धूसर दिसत असणार. साहेबांना ही युक्ती आवडली.

‘दुसरं मत घेतलं तर चालेल?’ साहेबांनी विचारलं.

‘जरूर घ्या. घ्यावंच. फक्त सगळे रिपोर्ट बरोबर न्या.’

यातलं पहिलं साहेबांनी ऐकलं. शेवटचं त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीत बसत नव्हतं.

लिफ्टमध्ये बायको कोपऱ्यात उभी राहिली. तिचा हात पर्सच्या पट्ट्यावर होता आणि पट्टा पिळून दोरीसारखा झाला होता. बायकोचा हात धरावा असं साहेबांना फार वाटत होतं. पण लिफ्टमध्ये आणखी चार माणसं होती, तेव्हा ते म्हणाले, ‘हे एक झालं.’

‘एक काय?’

‘मत. अजून दोन घेऊ.’

चारही माणसं लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिली.

घरी आल्यावर साहेबांनी बायकोला नीट समजावलं. दुसऱ्या डॉक्टरांना पहिल्याचं मत कळलं, तर ते काय स्वतःचं डोकं चालवतील? ते म्हणणार, एवढ्या मोठ्या माणसाने सांगितलंय तर तसंच असेल. किंवा मुद्दाम उलटं सांगणार. म्हणून प्रत्येकाला वेगळं, कोरं ठेवायचं. ‘तू फक्त विचारतील तेवढंच सांग. बाकी मी बघतो.’

‘रिपोर्ट नाही दाखवायचे?’

‘थोडे दाखवू. सगळे दाखवले म्हणजे उत्तर त्यांच्या हातात दिल्यासारखंच.’

बायकोने मान डोलावली. एरवी ती असं ऐकून घेणारी नव्हती. पण त्या आठवड्यात तिला कुणीतरी गाडी चालवावी आणि आपण मागे बसावं असं वाटत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती मागे बसली.

दुसऱ्या डॉक्टरांचा दवाखाना बाजारातल्या गल्लीत पहिल्या मजल्यावर होता. वयस्कर, गोड बोलणारे गृहस्थ होते. खोलीत काचेच्या पेटीत मासे होते आणि त्यांतला एक उलटा पोहत होता. साहेबांनी त्याकडे दुर्लक्ष केलं. पिशवीत त्यांनी फक्त सोनोग्राफीचा कागद आणला होता. तुकड्याचा रिपोर्ट आणि मॅमोग्राफी घरी, कपाटात, चादरींच्या खाली.

डॉक्टरांनी हाताने तपासलं. तिथेच बारीक सुई घालून दोन थेंब काढले, दोन दिवसांनी बोलावलं. ‘यात तरी वाईट पेशी दिसत नाहीत,’ ते म्हणाले. ‘अर्थात एवढ्यावरून छातीठोक सांगता येत नाही. मॅमोग्राफी केलीये का?’

बायकोने नवऱ्याकडे बघितलं.

‘अजून नाही,’ साहेब म्हणाले. वस्तू विकणाऱ्याला आपण आधी कुठे जाऊन आलो हे सांगायचं नसतं. ते वाक्य तोंडातून सवयीने गेलं.

‘मग करून घ्या. ती ठीक निघाली तर तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा. तोवर घाबरून जाऊ नका.’

साहेबांनी यातलं ‘घाबरून जाऊ नका’ आणि ‘तीन महिने’ एवढं बरोबर घेतलं आणि जिना उतरताना गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा शीळ घातली.

तिसऱ्या डॉक्टरबाई तरुण होत्या, चटपटीत होत्या, आणि त्यांच्या टेबलावर एकही कागद नव्हता. त्यांना साहेबांनी तुकड्याचा रिपोर्ट दाखवला. मॅमोग्राफी याही खेपेला चादरींच्या खाली राहिली. मॅमोग्राफीच्या फिल्म कुठायत, त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, सापडत नाहीयेत. डॉक्टरबाईंच्या भुवया वर गेल्या. ‘शोधा. त्या बघितल्याशिवाय माझं मत पक्कं धरू नका. पण हा कागद आणि ही गाठ एवढंच असेल, तर पूर्ण स्तन काढायची गरज नाही. गाठ काढायची, मग काही आठवडे रेडिएशन.’

तर अशी तिन्ही पाकिटं फुटली. एक म्हणतो सगळं काढा, एक म्हणते थोडं काढा, एक म्हणतो तीन महिन्यांनी या. साहेबांनी हे कागदावर काही मांडलं नाही. कारखान्यात त्यांनी बोल्टच्या टोप्यांचेही तक्ते केले होते, पण बायकोच्या छातीचा तक्ता करायला त्यांचा हात धजावला नाही. मनात मात्र आपोआप बेरीज झाली. सर्वांत कमी कोण, ते उघडच होतं.

‘तुम्हाला काय वाटतं?’ बायकोने विचारलं. ती भांडी पुसत होती.

‘तिघांत मतभेद आहेत. म्हणजे नक्की कुणालाच माहीत नाही. अशा वेळी घाई करू नये.’

‘म्हणजे थांबायचं?’

‘तीन महिनेच तर आहेत.’

‘बरं,’ ती म्हणाली, आणि एकच ताटली बराच वेळ पुसत राहिली.

मग दिवस जाऊ लागले. बातमी आप्तांपर्यंत गेलीच होती, आणि आप्तांची मतं काही बंद पाकिटातून येत नाहीत. मेव्हण्याचं म्हणणं होतं, सुरी लागली की तो आजार पसरतो. हे त्याला कुणी सांगितलं असं विचारलं तर म्हणे, सगळ्यांनाच माहीत आहे. शेजारच्या वहिनी रोज सकाळी हिरव्या रंगाचा एक रस आणून समोर उभ्या राहायच्या आणि पेला रिकामा झाल्याशिवाय हलायच्या नाहीत. परगावी नोकरी करणारी मुलगी फोनवर रडायची, मग इंटरनेटवर वाचलेलं काहीतरी सांगायची, मग पुन्हा रडायची आणि म्हणायची, ‘बाबा, तुम्ही नीट विचारलंत ना सगळ्यांना?’ साहेब म्हणायचे, ‘तिघांना विचारलं.’ मुलीचा जीव भांड्यात पडायचा. तिला बाबांची पद्धत लहानपणापासून ठाऊक होती, आणि पद्धतीवर तिचा विश्वास होता.

साहेबांचा स्वतःचा जीव मात्र भांड्यात पडेना. ते कारखान्यात जात, पाकिटं फोडत, पण एकदा एका व्यापाऱ्याने रबरी चकत्यांचा दीडपट भाव लावला आणि साहेबांनी निमूट सही केली. खात्यात कुजबुज सुरू झाली. कोटेशनसाहेबांची तब्येत बरी नाही, लोक म्हणू लागले.

ही सही वर गेली ती ऑडिटरच्या टेबलावर. ऑडिटर हा साहेबांचा जुना वैरी. उंच, बारीक, आणि आयुष्यात एकाही कागदावर एका फटक्यात सही न केलेला माणूस. सगळे त्याला हरकत म्हणत. गेली वीस वर्षं साहेबांनी कागद पाठवायचा आणि हरकतने त्यावर काहीतरी लिहून तो परत पाठवायचा, असं चाललं होतं. दोघांत चहा कधी झाला नव्हता. त्या दिवशी हरकत स्वतः कागद घेऊन कँटीनमध्ये आला आणि समोरच्या खुर्चीवर बसला. खुर्ची कुरकुरली.

‘हे तुमचं काम नाही,’ हरकत म्हणाला. ‘काय झालंय?’

साहेब जणू कुणीतरी असं विचारायची वाटच बघत होते. त्यांनी सगळं सांगून टाकलं. तीन डॉक्टर, तीन मतं, कसं एकालाही दुसऱ्याचं कळू दिलं नाही, कसं प्रत्येकाला कोरं ठेवलं. शेवटी जरा अभिमानानेच म्हणाले, ‘अगदी नियमाप्रमाणे.’

हरकतने चहाचा घोट घेतला. त्याचा चेहरा नेहमीसारखाच कोरडा होता. ‘तिघांना नकाशा एकच दिला होता?’

‘म्हणजे?’

‘भाव बंद ठेवायचा असतो, साहेब. वस्तूचा नकाशा नाही. पंपाच्या झाकणाचं कोटेशन मागवताना तुम्ही एकाला लांबी सांगता, दुसऱ्याला रुंदी आणि तिसऱ्याला नुसता रंग, असं कधी केलंत का? मग ती तीन कोटेशनं नाहीतच. तीन वेगळ्या वस्तूंचे भाव आहेत. मी असा कागद परत पाठवला असता.’

वीस वर्षांत हरकतने घेतलेली प्रत्येक हरकत साहेबांनी खोडून काढली होती. ही खोडता येईना.

‘किती दिवस झाले?’ हरकतने विचारलं.

‘सव्वा महिना.’

‘मग उठा,’ हरकत म्हणाला. ‘चहाचं मी बघतो.’

बायकोच्या शाळेत साहेब दुपारी कधी गेले नव्हते. एक शिकाऊ बाई नुकतीच उतरत होती. बायको शिकवणाऱ्याच्या सीटवर बसलेली होती. नवऱ्याला बघून तिचा चेहरा उतरला. ‘काय झालं? पोरगी बरी आहे ना?’

‘बरी आहे.’ साहेब शिकाऊ माणसाच्या सीटवर बसले, दार लावलं आणि समोर काचेकडे बघून बोलायला लागले. चादरींखालचे कागद. मॅमोग्राफीबद्दल बोललेलं खोटं. ज्या डॉक्टरांचं मत आपण उचललं, त्यांना बिचाऱ्यांना आजार दिसलाच नव्हता, कारण आपण तो घरी ठेवून गेलो होतो.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘उतरा.’

साहेब उतरले. ती इकडच्या सीटवर सरकली, गाडी सुरू केली आणि निघून गेली. साहेब फाटकापाशी हाताची घडी घालून उभे राहिले. शिकाऊ बाईने त्यांना विचारलं, ‘तुम्हालाही गिअर जमत नाही का?’ साहेब म्हणाले, ‘नाही.’

चौकाला वळसा घालून गाडी परत आली. बायकोचे डोळे लाल होते. ‘बसा.’

ते बसल्यावर ती बोलली, आणि या खेपेला तिचा आवाज चढलेला होता. ‘मी त्या पोरींना पहिल्या दिवशी काय सांगते? तिन्ही आरसे बघा. तुम्ही तीन माणसांना एकेक आरसा दिलात आणि म्हणालात, सांगा, मागून काय येतंय. तुमचा कारखाना वाटला का मी?’

‘चुकलं.’

‘चुकलंच. आणि मी तिथे बसले होते. त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला बोलता येत होतं. मी मूग गिळून बसले. का, माहितीये? मलाही ते तीन महिने हवे होते.’ तिने हँडब्रेक ओढला. ‘इतकी भीती मला कधी वाटली नव्हती हो.’

साहेबांनी तिचा हात धरला. गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

पुढचे आठ दिवस त्यांनी सगळे कागद एका पिशवीत घालून ती पिशवी तिन्ही ठिकाणी नेली. आणि प्रत्येक ठिकाणी साहेबांनी आधी उभं राहून, आपण काय केलं ते सांगितलं. माशांवाल्या डॉक्टरांनी मॅमोग्राफी दिव्यासमोर धरली आणि त्यांचा गोड आवाज कुठल्या कुठे गेला. ‘तुम्ही मला परीक्षेला बसवलंत आणि अर्धी प्रश्नपत्रिका घरी ठेवलीत,’ ते म्हणाले. ‘ऑपरेशन करून घ्या. माझं तीन महिन्यांचं बोलणं मी परत घेतो. आणि तुम्ही, बाई, यांचं ऐकणं बंद करा.’ साहेबांनी मान डोलावली. एवढ्या एका मुद्द्यावर त्यांचं डॉक्टरांशी पूर्ण एकमत होतं.

डॉक्टरबाईंनी संशयाच्या त्या दुसऱ्या जागेचा तुकडा काढवला. तिथेही आजार निघाला, छोटा. आता साहेबांना वाटलं, सगळ्यांसमोर एकच नकाशा आलाय, म्हणजे उत्तरही एकच येणार. तसं झालं नाही. उशीर करू नका यावर सगळ्यांचं जुळलं. पण सर्जन म्हणाले, दोन जागा आहेत, पूर्ण काढलेलं बरं. डॉक्टरबाई म्हणाल्या, दोन्ही जागा काढून बाकीचा स्तन ठेवता येईल. काढलेल्या भागाच्या कडा आजारापासून स्वच्छ निघाल्या नाहीत तर पुन्हा टेबलावर यावं लागेल, ही जोखीम आहे, पण रास्त आहे. साहेबांच्या विनंतीवरून दोघं एकमेकांशी फोनवर बोलले. दोघांनी एकमेकांचं म्हणणं नीट ऐकलं, ते बरोबर असल्याचं मान्य केलं आणि दोघं आपापल्या मतावर कायम राहिले.

‘पण बरोबर कोण?’ साहेबांनी सर्जनना विचारलं.

‘दोघंही. हे असंच असतं कधीकधी. इथून पुढचा निर्णय त्यांचा.’ सर्जननी बायकोकडे हात केला.

‘तुमच्या बहिणीला झालं असतं तर तुम्ही काय केलं असतं?’ साहेबांनी रेटलं.

‘मला बहीण नाही,’ सर्जन म्हणाले, आणि चष्मा काढायला विसरले.

त्या संध्याकाळी बायकोने जेवण झाल्यावर ताटं तशीच ठेवली आणि नवऱ्याला समोर बसवलं. ‘आता तुमचं मत सांगा. एकच. कुणाकडून आणलेलं नको.’

तीस वर्षांत साहेबांनी शेकडो निर्णय दिले होते, पण त्यांतला एकही त्यांचा नव्हता; तो नेहमी सर्वांत खालच्या आकड्याचा असायचा. ते टेबलावरचं मीठ या बाजूचं त्या बाजूला करत राहिले.

‘मला तू हवी आहेस,’ ते शेवटी म्हणाले. ‘काय ठेवायचं न् काय काढायचं यातलं मला काही कळत नाही. तू हवीस, एवढंच मला कळतं.’

बायकोने मीठ त्यांच्या हातून काढून घेतलं. ‘हे मत पहिल्याच दिवशी द्यायचं होतंत.’

‘हो.’

‘मी पूर्ण काढायचं म्हणते,’ ती म्हणाली. ‘पुन्हा टेबलावर जायची धाकधूक मला घरात नको. नंतर वाईट वाटेल, ते मला आत्ताच वाटतंय. वाटू दे.’ मग ती उठली आणि ताटं उचलायला लागली. साहेबांनी ती तिच्या हातातून घेतली.

ऑपरेशन झालं. मुलगी आली, राहिली, रडली, कमी रडायला लागली. हरकत एकदा भेटायला आला. पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसायच्या आधी त्याने ती हलवून बघितली. बायकोने त्याचे आभार मानले तेव्हा तो म्हणाला, ‘मी काही केलं नाही. हरकत घेतली फक्त.’ जाताना साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून गेला, आणि पुढच्या सोमवारी त्यांचे चार कागद परत पाठवले.

दोनेक आठवड्यांनी टाके बघायला आणि काढलेल्या भागाचा रिपोर्ट घ्यायला दोघं हॉस्पिटलात गेली. नर्सने बायकोला आत नेलं. साहेब सर्जनच्या समोर बसले. रिपोर्ट चांगला होता. दोन्ही जागांचा आजार छोटाच निघाला होता, भोवतीच्या कडा स्वच्छ, काखेतल्या गाठी स्वच्छ. सर्जन चष्मा न काढता बोलत होते.

साहेबांनी आनंदाने हात जोडले. मग दारापर्यंत जाऊन परत फिरले. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही. ‘म्हणजे त्या दोन जागाच काढून भागलं असतं?’

सर्जननी चष्मा काढून ठेवला. ‘कदाचित भागलं असतं,’ ते म्हणाले. ‘आधी कळायला मार्ग नव्हता. आता काढून झाल्यावर सांगणं सोपं आहे.’

साहेब बाहेर येऊन बाकावर बसले. हे तिला सांगायचं कशाला, असं त्यांच्या मनात आलं. झालं ते झालं. रिपोर्ट चांगला आहे, तेवढं सांगू. उरलेलं आपल्यापाशी ठेवलं तर कुणाचंही वाईट होत नाही. हा विचार इतका शहाणा वाटत होता की त्यांना त्याचीच भीती वाटली.

बायको आतून आली. डावा हात जपून धरलेला, चेहरा जरा ओढलेला. ती शेजारी बसली. ‘काय म्हणाले?’

‘सगळं स्वच्छ आहे,’ साहेब म्हणाले. ‘आणि मी विचारलं, थोडं काढून भागलं असतं का. तर म्हणाले, कदाचित भागलं असतं.’

त्यांना वाटलं ती रडेल. किंवा ओरडेल. ओरडली असती तर चाललं असतं.

‘माहितीये मला,’ बायको म्हणाली.

‘कसं?’

‘रिपोर्ट डॉक्टरबाईंकडेही गेला होता. मी परवाच त्यांना फोन केला. त्याही हेच म्हणाल्या.’

‘परवा? मग मला बोलली का नाहीस?’

‘तुम्हाला झेपलं नसतं.’

साहेब तिच्याकडे वळले. ‘आणि तुला झेपलं?’

बायकोने मान हलवली, नाही म्हणून. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही. ‘रात्रभर जागीच होते. तुम्ही घोरत होतात.’

‘उठवायचं होतंस.’

‘तेवढी तरी झोप मिळू दे म्हटलं माणसाला.’

‘पुढच्या वेळी उठव,’ साहेब म्हणाले.

‘पुढची वेळ नको हो.’

‘नको,’ साहेब म्हणाले. ‘नकोच. पण उठव.’